विदर्भातल्या अडीच हजार वस्तीच्या गावाला सांडपाण्यासाठी तयार मॉड्युलर प्लांट (कारखान्यातून आणून जोडायचा) बरा की सांडपाणी साठवून उघड्यावर साफ करणारी नेहमीची तळी?

गावाच्या उताराला गायरान मिळत असेल तर तळीच घ्या. माणशी रोज 55 लिटर पाणी, त्यातलं 80 टक्के नालीत, म्हणजे 1 लाख 10 हजार लिटर. एवढं पाणी तळ्यात साफ करायचं काम विदर्भातलं ऊन फुकटात करतं. मॉड्युलर प्लांट लवकर बसतो, जागाही कमी खातो, पण टाकीत हवा सोडणारा ब्लोअर सतत फिरायला हवा. लाइन रात्रभर गेली की हवेवर जगणारे जिवाणू गुदमरतात अन् टाकीला सडक्या अंड्यांचा वास सुटतो. वर बिल पंचायतीच्या माथी! मात्र काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा तळ्याच्या तळाला अस्तर हवंच, नाहीतर घाण शेजारच्या विहिरीत झिरपेल. जागाच नसेल तर मॉड्युलर घ्या, जनरेटरसकट.