जुन्या एसीत आर-२९० भरावा का?

प्रश्न : मी साताऱ्यात पंधरा वर्षे एसी दुरुस्तीचे काम करतो. जुन्या एसीत थंडावा देणारा आर-२२ हा गॅस महाग झाल्यामुळे काही ग्राहक जुन्या स्प्लिट एसीत आर-२९० भरून मागतात. कूलिंगही चांगले मिळते. मग धोका नेमका कोठे आहे? आणि जुना आर-२२ हवेत सोडला, तर एवढ्याशा गॅसने काय बिघडते?

उत्तर : कूलिंग चांगले मिळते हे खरे आहे, कारण या दोन्ही वायूंचे दाब जवळजवळ सारखे असतात, मात्र त्यामुळेच हा बदल निर्धोक वाटू लागतो. आर-२९० म्हणजे शुद्ध प्रोपेन. एक किलो आर-२२ च्या जागी तो साधारण ४०० ग्रॅम लागतो. हवेत दर घनमीटरला सुमारे ३८ ग्रॅम प्रोपेन झाला की पेट घ्यायला ठिणगी पुरते. दहा बाय दहाच्या खोलीत एवढा गॅस सर्वत्र सारखा पसरला, तर प्रमाण या मर्यादेच्या खाली राहील. परंतु प्रोपेन हवेपेक्षा जड असल्यामुळे तो जमिनीलगत साचतो आणि साडेतीन फुटांच्या थरात राहिला तरी मर्यादा ओलांडली जाते. आर-२९० साठीच बनवलेल्या एसीत गॅसचे प्रमाण, विद्युत जोडण्या आणि रिले (आपोआप चालू-बंद होणारे स्विच) यांचा विचार आधीच केलेला असतो. आर-२२ च्या यंत्रात तो केलेला नसतो.

मला सर्वाधिक काळजी आपल्यानंतर येणाऱ्या कारागिराची वाटते. आउटडोर युनिटच्या पट्टीवर आर-२२ असेच लिहिलेले असते. ते वाचून तो निर्धास्तपणे जोडकामाचा गॅस टॉर्च पेटवील आणि गॅसने भरलेली कॉपर पाइप उघडेल. म्हणून ग्राहकाने कितीही आग्रह केला, तरी या कामाला नकार द्यावा. घरगुती एलपीजी तर मुळीच भरू नये. त्यात ब्युटेन आणि वासासाठी मिसळलेले गंधकयुक्त द्रव्यही असते.

आता दुसरा प्रश्न. आर-२२ ओझोनचा थर विरळ करतो. शिवाय शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याचा एक किलो सुमारे १,८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो, म्हणून 'एवढासा' हा शब्द येथे लागू पडत नाही. ओझोनच्या रक्षणासाठी झालेल्या मॉन्ट्रियल करारानुसार भारतात २०२५ पासून नव्या यंत्रांच्या उत्पादनात तो वापरणे थांबले आहे. जुन्या यंत्रांसाठीचा पुरवठाही आटत जाणार असल्याने वाचवलेला गॅस आपल्याच उपयोगी पडेल.

यंत्रातील गॅस ओढून घेणाऱ्या रिकव्हरी मशीनने आर-२२ वेगळ्या सिलिंडरमध्ये काढावा. सिलिंडर ८० टक्क्यांपेक्षा अधिक भरू नये, कारण तापल्यावर द्रव फुगतो आणि त्याला जागा उरली नाही, तर सिलिंडर फुटू शकतो. नंतर कोरड्या नायट्रोजनने गळती शोधावी. ऑक्सिजन कधीही वापरू नये. कॉम्प्रेसरच्या तेलाशी त्याची गाठ पडली की स्फोट होऊ शकतो. ब्रेझिंगपूर्वी, म्हणजे पाइपचे जोड ज्वालेने डाखण्यापूर्वी, लाइन पूर्ण रिकामी करून खिडक्या उघडाव्यात, कारण ज्वालेत आर-२२ चे विघटन होऊन फॉस्जीनसारखे विषारी वायू तयार होतात. जोड पक्का झाल्यावर लाइनमधील हवा पंपाने काढून (व्हॅक्यूम करून) आर-२२ वजन करून भरावा. ज्या यंत्रात आधीच कोणी दुसरा गॅस मिसळला असेल, त्यातील मिश्रण चांगल्या गॅसच्या सिलिंडरमध्ये घेऊ नये. त्यासाठी निराळे सिलिंडर ठेवून त्यावर ठळक अक्षरांत तसे लिहावे.