कार्ल ड्रायरच्या ‘ऑर्डेट’ या डॅनिश सिनेमात दोन्ही घरं ख्रिस्तीच, मग लग्नाला विरोध कशासाठी?

दोन्ही घरं डॅनिश ल्यूथरनच (प्रोटेस्टंटांचा एक पंथ), पण वळण वेगळं. शेतकरी मॉर्टन बॉर्गन ग्रुंटविग या डॅनिश धर्मगुरूच्या परंपरेतला: देव मानायचा आणि जगणंही आनंदानं जगायचं. पीटर शिंपी ‘इंद्रे मिशन’ या कडव्या गटाचा: पाप, पश्चात्ताप, आणि ज्याचं मनपरिवर्तन झालं नाही तो नरकात. म्हणून बॉर्गनच्या धाकट्या मुलाला, अँडर्सला, तो आपली मुलगी ॲन देत नाही. गंमत अशी की आधी मॉर्टनचाही नकारच असतो. पीटरनं अँडर्सला नाकारलं हे कळल्यावर मात्र म्हातारा चिडून लग्नाच्या बाजूनं उभा राहतो. श्रद्धेपेक्षा मानपानच जास्त, असं मला वाटतं.

बॉर्गनचा थोरला मुलगा मिकेल नास्तिक, मधला योहानेस स्वतःला ख्रिस्त समजणारा. त्याचं संथ, एकसुरी बोलणं मुद्दाम तसं ठेवलंय. ते वाईट अभिनय समजून बरेच जण सिनेमा तिथेच सोडतात.

१९५५ चा हा सिनेमा डॅनिश नाटककार काइ मुंकच्या नाटकावर बेतलेला. दोन तासांत शॉट जेमतेम ११४, त्यामुळे तुकड्यातुकड्यांनी पाहिला की पकड सुटते. मिकेलची बायको इंगर हिच्या बाळंतपणापासून पुढे तर थांबवूच नका, आणि शेवट आधी वाचू नका.