18,500 पगारात घर चालेल का? आधी भाडं आणि दवाखाना बघा

ताई, मिस्टर अंबडच्या कंपनीत आहेत, पीएफ आणि ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) कापून हातात 18,500 येतात, मुलगी जूनला पहिलीत जाईल, तर एवढ्यात नाशिकमध्ये नीट राहता येईल का, असं तुम्ही विचारलंय. येईल, पण भाडं 5,000च्या आसपास असलं तरच. तुम्ही बघताय तो 8,000चा वन बीएचके घेऊ नका. भाजी, साबण, चहा-साखरेत कितीही हात आखडला तरी महिन्याला पाच-सातशेच्या वर सुटत नाहीत. भाड्यातले 3,000 मात्र दर महिन्याला जाणारच. आमचं चार माणसांचं घर सातपूरला बरीच वर्षं दोन खोल्यांत, एकाच पगारावर चाललं, म्हणून एवढं ठाम सांगते.

कमी पगाराचं घर रोजच्या जेवणाखाण्याने बुडत नाही. बुडतं ते दवाखान्याने आणि त्यासाठी व्याजाने काढलेल्या पैशाने. पण मिस्टरांना ईएसआयसी आहे, ही तुमची मोठी जमेची बाजू. पगारातून फक्त 0.75 टक्के कापतात, कंपनी 3.25 टक्के भरते, आणि उपचार तुम्हाला, मुलीला, त्यांच्यावर अवलंबून असलेल्या सासू-सासऱ्यांनाही मिळतात. मिस्टरच आजारी पडून घरी बसले, तर वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के मिळतात. रांगा असतात, वेळ जातो, हे खरं. तरी कार्डावर सगळ्यांची नावं चढलीत का, ते याच आठवड्यात बघा. माणूस ॲडमिट झाल्यावर कागदांसाठी पळायची वेळ येऊ देऊ नका. बँकेत मिस्टरांच्या नावे वर्षाला 436 रुपयांचा जीवनज्योती आणि 20 रुपयांचा अपघात विमाही सुरू करा. दोन्हींत 2 लाखांचं संरक्षण आहे.

शाळेचं म्हणाल, तर खाजगी इंग्रजी शाळेची फी या पगारात बसवू नका. जवळची अनुदानित, सेमी इंग्रजीची शाळा बघा. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांत मोफत प्रवेशासाठी ठेवलेल्या, 25 टक्के जागांना आर्थिक दुर्बल गटातून 1 लाखाची उत्पन्न मर्यादा आहे, त्यात तुम्ही बसणार नाही. अनुसूचित जाती-जमातीचा दाखला असेल तर उत्पन्नाची अट लागत नाही, मग अर्ज नक्की भरा.

दिवाळीच्या बोनसला लगेच हात लावू नका. उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरायला आणि जूनला वह्या-दप्तराला तोच कामी येतो.

तुमचे लाडकी बहीणचे 1,500 सुरू असतील तर ते घरखर्चात धरू नका. पोस्टात मुलीचं सुकन्या खातं 250 रुपयांत उघडतं, जमेल तेवढे त्यात टाका, बाकीचे वेगळ्या खात्यात अडीअडचणीला ठेवा. त्या खात्यात दोन पगार साठेपर्यंत टीव्ही, मोबाइल, गाडी, काहीच हप्त्यावर घेऊ नका.