कमी सल्फरचं तेल वापरलं की जहाजाच्या इंजिनाची काजळीही कमी होते का?

आपोआप नाही. सल्फर वेगळं, काजळी वेगळी. हे एका सुपरिंटेंडेंटला (कंपनीच्या ऑफिसातून जहाजाच्या इंजिनावर देखरेख करणाऱ्या साहेबाला) सांगून सांगून माझं तोंड दुखलंय, म्हणून तुमचा प्रश्न दिसल्यावर राहवलं नाही.

१ जानेवारी २०२० पासून जहाजाच्या तेलातल्या सल्फरची मर्यादा ३.५० वरून ०.५० टक्क्यांवर आली, तेव्हा मी सेकंड इंजिनियर होतो. नवं व्हीएलएसएफओ, म्हणजे हे कमी सल्फरचं तेल, सुरू झालं आणि इकॉनॉमायझर (इंजिनाच्या धुराच्या उष्णतेवर वाफ करणारा बॉयलर) काजळीनं भरायला लागला. सूट ब्लो केलं, म्हणजे ती काजळी फुंकून बाहेर काढली, की डेकवर काळा सडा, आणि बोसन (डेकवरचा मुकादम) माझ्या नावानं शंख करणार. ऑफिसचा मेल आला: तेल आता स्वच्छ आहे, म्हणजे तुमचे नोझल (इंजिनात तेल फवारणाऱ्या तोट्या) टपकतायत.

माझे नोझल! कोल्हापुरात उद्यमनगरात वडिलांचं ऑइल इंजिन दुरुस्तीचं दुकान होतं. शाळा सुटली की मी टेस्ट पंपावर नोझल लावून फवारा बघत बसायचो. टोकाला थेंब धरला तर वडील तो नोझल परत लॅपिंगला, म्हणजे घासून बसवायला, लावायचे. तर जहाजावरचे सगळे नोझल उतरवले, प्रेशरला तपासले, फोटो पाठवले. उत्तर तेच.

पुढं उत्तर समुद्रात शिरताना तिथल्या ०.१० टक्के सल्फरच्या नियमामुळं गॅस ऑइलवर (डिझेलसारख्या हलक्या तेलावर) चेंजओव्हर केला. तेच नोझल, तोच टर्बो, आणि फनेल (जहाजाचं धुराडं) साफ. सुपरिंटेंडेंट साहेब म्हणाले, इंजिनावर लोड कमी असेल. अहो, लोड उतरला की किलोभर तेलामागे काजळी वाढते! गुऱ्हाळाच्या चुलाणात ओली चिपाडं कोंबल्यावर धूर कसा निघतो ते त्यांनी कधी बघितलं नसावं.

काजळीचं मूळ ॲरोमॅटिक रेणूंत असतं. कार्बनच्या त्या कड्या लवकर फुटत नाहीत, त्यांच्यावरच काजळीचे कण वाढतात. सल्फर मर्यादेत बसवायला तेलात काय मिसळलंय त्यावर सगळं ठरतं, आणि बंकरच्या (जहाजात भरलेल्या तेलाच्या) पावतीवर घनता आणि सल्फर असतं, ॲरोमॅटिकचा आकडा नसतो. सीसीएआय (घनता आणि दाटपणावरून तेल किती सहज पेटेल याचा अंदाज देणारा आकडा) काढून बघा. ८६० च्या पुढं असेल तर मी तरी संशय घेतो.

स्क्रबर (धूर पाण्यानं धुणारं यंत्र) सल्फरसाठी आहे, बारीक काजळी बरीचशी त्यातून निसटते. बायोडिझेलमध्ये ऑक्सिजन असल्यानं काजळी कमी. मिथेनॉलच्या रेणूत कार्बनला कार्बन जोडलेलाच नाही, त्यामुळं जवळपास नाहीच. एलएनजीचंही (द्रवरूप नैसर्गिक वायूचंही) तसंच, फक्त न जळलेला मिथेन बाहेर पडतो तो हिशेबात धरा.

बाकी, प्रत्येक व्हीएलएसएफओ वाईट नसतं, पॅराफिनिक (कड्यांऐवजी कार्बनच्या साखळ्या जास्त असलेलं) असेल तर छान जळतं. आणि नोझल खरंच टपकत असतील तर कुठलंही तेल धूर काढणारच. तुम्ही जहाजावर असाल तर बंकरचा सीलबंद नमुना आणि नोझल टेस्टचा सही केलेला कागद आधीच जपून ठेवा. ऑफिसनं ‘तेल स्वच्छ आहे’ असं लिहिलं, तर कशाच्या बाबतीत स्वच्छ, ते लेखी मागा. मला ते अजून मिळालेलं नाही.