मावशी झाली इमो, पण काकाला काय म्हणायचं?

प्रश्न: ताई, मी इंदूरची, कॉलेजात आहे, मोबाइलवरच कोरियन शिकतेय. आई-बाबा, आजी-आजोबा पाठ झाले पण काका-मामांत पार घोळ होतो, काय करू?

उत्तर: अगं, इंग्रजीतून पाठ करतेस ना, तिथे अंकल-आंटी म्हटलं की संपलं, घोळ होणारच. सरळ मराठीशी जोड. इमो म्हणजे मावशी, गोमो म्हणजे आत्या, वेसामछोन मामा. हा 'वे' आईकडचा, म्हणून आईची आई वेहाल्मोनी. काकांचं प्रकरण जरा किचकट आहे, बाबांचा मोठा भाऊ खुनाबोजी, धाकटा असेल आणि लग्न झालेलं असेल तर चागुनाबोजी, आणि लग्न नसेल झालं तर नुसता सामछोन (बोलताना मामालाही सर्रास सामछोनच म्हणतात, म्हणून तू गडबडतेस). साम म्हणजे तीन, म्हणजे नात्याच्या तीन पायऱ्या, आणि चुलत-मामे-मावस भावंडं चौथ्या पायरीवर म्हणून साछोन. आणि हो, तिकडे साध्या खानावळीत वाढणाऱ्या बाईंनाही इमो म्हणून हाक मारतात, आपण मावशी म्हणतो तस्संच!

आता दिवाळीला सगळे जमले की ग्रुप फोटो काढ आणि प्रत्येकावर हे शब्द लिही. दीर-नणंदा सध्या राहू दे, ती मोठीच भानगड आहे.