२१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे हे संगणक नसताना कसं सिद्ध केलं?

या संख्येची आणि माझी ओळख नोकरीत झाली. एका सकाळी ग्राहकांच्या यादीत प्रत्येकाचा मोबाइल नंबर २१४७४८३६४७ दिसू लागला. चूक माझीच. दहा आकडी नंबर मी ३२ बिटांच्या पूर्णांकाच्या रकान्यात कोंबले होते. त्यातला एक बिट अधिक-उण्याच्या चिन्हाला जातो, म्हणून त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच, म्हणजे २^३१ − १. आपले नंबर ६ ते ९ने सुरू होतात, त्यामुळे सगळेच तिथे येऊन अडकले.

आता तुमच्या प्रश्नाकडे. वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, हे आपण शाळेत शिकलो. इथे वर्गमूळ ४६३४०च्या जरा पुढे जातं आणि तिथवर पावणेपाच हजारांच्या आसपास मूळ संख्या आहेत. १७७२ मध्ये गणितज्ञ ऑयलरने हे काम निभावलं, तेही दृष्टी जवळपास गेलेली असताना. त्याने भागाकार उरकले नाहीत, टाळले.

समजा प या मूळ संख्येने २^३१ − १ ला भाग जातो. म्हणजे २^३१ ला प ने भागलं की बाकी १. फर्माच्या प्रमेयाने २^(प − १) चीही बाकी १. ३१ मूळ असल्यामुळे प − १ ला ३१ ने भाग जायलाच हवा. प विषम, म्हणून प = ६२क + १ (क म्हणजे कुठलीतरी पूर्ण संख्या). पटत नसेल तर छोटं उदाहरण घ्या: २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. दोन्ही विभाजक २२ च्या पटीहून एकाने जास्त!

दुसरी चाळणी: प ने भागलं की २^३२ ची बाकी २ येते, आणि २^३२ हा २^१६ चा वर्ग. असं व्हायचं तर प ला ८ ने भागून १ किंवा ७ च उरावे लागतात. दोन्ही अटी जोडल्या की उरतात २४८क + १ आणि २४८क + ६३ या रूपाच्या संख्या, आणि त्यांतल्या मूळ संख्या शंभराच्या आत. एकीनेही भाग जात नाही. काम फत्ते.

१८११ मध्ये गणितज्ञ पीटर बार्लोने लिहिलं की हिच्यापासून बनणाऱ्या २^३० × (२^३१ − १) या परिपूर्ण संख्येपुढची (परिपूर्ण म्हणजे स्वतःखेरीज सगळ्या विभाजकांच्या बेरजेइतकी) कुणी शोधणारच नाही, कारण उपयोग काय? १८७६ मध्ये ल्यूका या गणितज्ञाने २^१२७ − १ मूळ ठरवली, तिच्यापासूनही तशीच मोठी परिपूर्ण संख्या बनते, आणि ते भाकीत बुडालं. उपयोगाचं म्हणाल तर, १ पासून सुरुवात करून दर वेळी १६८०७ ने गुणा आणि आपल्या संख्येने भागून बाकी घ्या: १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३... २१४७४८३६४६ वेगवेगळ्या बाक्या आल्याशिवाय पुनरावृत्ती नाही. संगणकावर यादृच्छिक वाटणारे आकडे अनेक वर्षं असेच काढले गेले.

३२ बिटांची मर्यादा मूळ संख्या निघाली हा मात्र योगायोग. ६४ बिटांची मर्यादा, २^६३ − १, हिला सरळ ७ ने भाग जातो.

तो रकाना मी शेवटी मजकुराचा केला. मोबाइल नंबरांची बेरीज कोण करतं?