समितीत बसून मुलांच्या वाचनाबद्दल विचारायचं की नाही?

प्रश्न : माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला आहे. मागच्या वर्षी मला शाळा व्यवस्थापन समितीत घेतलं, मी स्वतः आठवीपर्यंत शिकलेय. ट्रेनिंग म्हणून एक दिवस बोलावलं होतं, तिथे मेंबर किती, बायका किती, चेकवर सही कोणाची हे सांगितलं, नाश्ता झाला, हजेरीवर सह्या घेतल्या नि घरी पाठवलं. आता मीटिंगला कंपाउंड, पाण्याची टाकी, रंगकाम, पोषण आहाराचा तांदूळ एवढंच चालतं. माझ्या पोरीला अजून धड वाचता येत नाही, वर्गातल्या आणखी चार-पाच जणांचं पण तसंच आहे. हे मीटिंगमध्ये काढलं तर सर नाराज होतील का, आणि आम्हाला विचारायचा हक्क तरी आहे का? शिवाय मीटिंग भर दुपारी असते, त्या दिवसाची मजुरी बुडते.
– एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, हक्क आहे, पूर्ण आहे, आणि आठवी शिकलात म्हणून तो तसूभरही कमी होत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम २१ मध्ये ही समिती आहे, त्यात किमान तीन चतुर्थांश आईवडील किंवा पालक आणि निम्म्या महिला असल्याच पाहिजेत, म्हणजे तुमच्यासारख्या आयांनी तिथे बसावं हेच कायद्याला हवंय. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं, विकास आराखडा करणं, अनुदान कुठे खर्च झालं ते बघणं ही समितीची कामं. पण ट्रेनिंगमध्ये सहसा सांगत नाहीत ते कलम २४ लक्षात ठेवा : प्रत्येक मूल किती शिकलंय ते शिक्षकांनी तपासायचं, मागे असेल त्याला जादा शिकवायचं, आणि पालकांना नियमित भेटून हजेरी आणि प्रगती सांगायची. तुम्ही विचारताय ते एवढंच आहे.

मीटिंगा कंपाउंडमध्येच का अडकतात? भिंत डोळ्यांना दिसते, तिचं कोटेशन येतं, बिल येतं, त्यावर कोणीही बोलू शकतं. तिसरीतलं पोरगं अक्षरावर अडकलंय हे जवळ बसून ऐकल्याशिवाय कळत नाही. आणि ट्रेनिंगच सह्यांचं नि पैशाचं झालं तर मेंबर तेच बघणार, यात तुमचा दोष नाही.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत टेक्सासमध्ये शाळा मंडळाचे मेंबर निवडून येतात, पगार नसतो, आणि मीटिंगा बस, बांधकाम, तक्रारी यातच जातात ही ओरड तिथेही होती. २०१७ मध्ये तिथे कायदा झाला की मुलांचं शिकणं कसं तपासायचं नि सुधारायचं याचं ट्रेनिंग प्रत्येक मेंबरने घ्यायचं. लोन स्टार गव्हर्नन्स नावाची दोन दिवसांची कार्यशाळा आहे, त्यात मीटिंगची मिनिटं मोजायला शिकवतात, निम्मा वेळ तरी मुलांना काय येतं यावर गेला पाहिजे असं ध्येय ठेवतात. त्यांच्या मंडळाकडे बजेट असतं, मुख्य अधिकारी नेमायचा अधिकार असतो, तेवढं आपल्या समितीकडे नाही, पण मिनिटं मोजायला कोणाची परवानगी लागत नाही. पुढच्या मीटिंगला नुसतं घड्याळ बघा, वाचन-गणितावर किती वेळ गेला ते वहीत लिहा.

मग अध्यक्षांना आधी भेटून एवढंच सांगा की अजेंड्यावर पहिला विषय मुलांच्या शिकण्याचा घ्या, कंपाउंड नंतर. मुख्याध्यापकांकडून एक कागद मागा : तिसरीत किती मुलं अक्षरापर्यंत, किती शब्दापर्यंत, किती परिच्छेद वाचतात, किती अख्खी गोष्ट, आणि हातच्याची वजाबाकी कितींना येते. सरांना हे माहीत असतं हो, त्यांना कोणी विचारत नाही इतकंच. निपुण भारत ही लहान मुलांना वाचन-गणित यावं म्हणून केंद्र सरकारची मोहीम आहे, तिच्या मूळ लक्ष्यात तिसरीच्या शेवटी मिनिटाला निदान ६० शब्द समजून वाचता यावेत असं आहे, ते मनात ठेवा. फक्त आकडे मागा, नावं नको. आणि कुठल्याही पोराला मीटिंगमध्ये उभं करून वाचायला लावू देऊ नका, मी एकदा ते बघितलंय, पोरगी रडायला लागली आणि नंतर तिची आई मीटिंगला आलीच नाही.

सर नाराज होतील का, तर तुम्ही कसं विचारता त्यावर आहे. दोन शिक्षक, चार-पाच वर्ग, वर ऑनलाइन माहिती भरणं आणि मतदारयादीची कामं, हे बघून बोला. कागद आला की लगेच विचारा, सर, या पाच जणांसाठी तुम्हाला काय लागेल? गोष्टीची पुस्तकं लागतील, की गावातली बारावी झालेली एखादी मुलगी रोज तासभर बसेल, की वर्ग जोडून घेतलेत ते निदान वाचनाच्या तासाला वेगळे करता येतील? जे ठरेल त्याचा ठराव प्रोसिडिंगला लिहून घ्या, कोण करणार आणि कधीपर्यंत तेही, आणि तीन महिन्यांनी तोच कागद परत मागा. आकडा हलला नसेल तर केंद्रप्रमुखांना, म्हणजे आसपासच्या शाळांवर लक्ष ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांना, मीटिंगला बोलवा.

आता दुपारच्या वेळेचं. निम्म्या बायका मजुरीला जाणार आणि मीटिंग बारा वाजता, मग कागदावर महिला भरतात नि बोलायला कोणी नसतं. वेळ संध्याकाळी सहाची करा असा ठराव सगळ्यात आधी मांडा, तुमच्या वर्गातल्या आणखी दोघी आयांना तयार करून सोबत घेऊन जा, तिघींनी एकदम हात वर केला की कोणी टाळत नाही.